अक्षरं नसलेले दगड

किल्लीबाईंना गावात कुणी नावानं ओळखत नव्हतं आणि त्यावाचून त्यांचं काही अडतही नव्हतं. जुन्या दफनभूमीच्या फाटकाची किल्ली कायम त्यांच्या कमरेला, म्हणून किल्लीबाई. नवरा तिथे कबरी खणायचा. गावाबाहेर नवी दफनभूमी झाली, पाठोपाठ नवरा गेला, आणि नगरपालिकेनं दुसरा माणूस नेमला नाही. किल्ली परत मागायचंही कुणाच्या डोक्यात आलं नाही. सरकारी विसरभोळेपणाचा एवढा एकच फायदा त्यांना आयुष्यात मिळाला. एकवीस वर्षं त्या तिथलं गवत काढत होत्या, पालापाचोळा लोटत होत्या आणि थडग्यांवर बसून पत्ते कुटणाऱ्यांना हाकलत होत्या.

फाटकाच्या बाजूला, वर, बडी मंडळी. कापडगिरणीचा मालक, गावातला पहिला डॉक्टर, पंख तुटलेला संगमरवरी देवदूत. पाहुणे आले की लोक त्यांना तिथे फिरवून आणत. उताराच्या खाली, मागच्या भिंतीलगत, ज्यांना अक्षरं कोरून घेणं परवडलं नाही ती माणसं. त्यांच्यासाठी नवऱ्याची एक पद्धत होती. ओढ्यातून दगड आणायचा आणि उशाशी रोवायचा; मोठ्या माणसाला मोठा, पोराला लहान. कुबड्या दगड म्हणजे भट्टीवाल्याची आई, दुभंगलेला म्हणजे परटाचे दोघे भाऊ. अशी छप्पन्न माणसं बाईंना तोंडपाठ होती. त्यांतला एक निळसर दगड, मधोमध भांग पाडावा तशी पांढरी रेघ असलेला, त्यांनी स्वतः निवडला होता. त्याखाली त्यांची लेक होती. पाच वर्षांची, तापानं गेलेली. पुढे बरे दिवस आल्यावर नवरा म्हणाला होता, "आता नाव घालू या का?" बाई म्हणाल्या, "कशाला? आपल्याला माहीत आहे की."

मग नगरपालिकेची नोटीस लागली. बाजारात येणाऱ्या गाड्यांना जागा पुरत नाही, सबब जुनी दफनभूमी सपाट करून तिथे वाहनतळ होणार.

बाईंनी वही घेतली आणि दारोदार सह्या गोळा करायला सुरुवात केली. केशकर्तनालयात कात्री थांबवून न्हावी म्हणाला, "बाई, आतल्या लोकांच्या सह्या झाल्या का?"

"त्यांचं सोपं आहे. जिवंतच कांकू करतात. कर सही!"

निवृत्त हेडमास्तर येऊन मिळाले तेव्हा कामाला वजन आलं. समिती झाली, "ऐतिहासिक वारसा" असे शब्द आले, वर्तमानपत्रात फोटो आला. धाकटी बहीण एकदा चिडून म्हणाली, "ताई, तुझी लेक आहे तिथे, हे सांग ना त्यांना सरळ. गिरणीमालकाचं काय कौतुक सांगत फिरतेस?"

"एका पोरीसाठी कोण सही करतं गं? गिरणीमालकासाठी करतात."

बरोबरच होतं ते. चौदाशे सह्या झाल्या. नगरपालिका नरमली; आधी पाहणी करू, मग ठरवू, म्हणाली. पाहणीपूर्वी जागा नीटनेटकी दिसावी म्हणून समितीनं एका रविवारी अख्ख्या गावाला साफसफाईला बोलावलं.

दोनशे माणसं आली. फावडी, दाताळी, तारेचे ब्रश. बाईंची नजर ब्रशांवर गेली. महिन्यापूर्वीच एका उत्साही गृहस्थानं डॉक्टरांचं थडगं ॲसिडनं घासून त्यावर कोरलेलं मृत्यूचं साल घालवलं होतं. बाई फाटकाच्या पायरीवर चढल्या आणि ओरडल्या, "ज्या दगडावर अक्षर आहे, त्याला कुणीही हात लावायचा नाही. कळलं?"

"कळलं!" दोनशे जण म्हणाले.

मग नगरसेवक आले, वार्ताहर आला, आणि दुपारपर्यंत बाई वरच्या बाजूला त्यांना गिरणीमालकाची कहाणी सांगत राहिल्या. तीन वाजता खाली गेल्या. उतार हाताच्या तळव्यासारखा स्वच्छ होता. दाताळ्यानं विंचरलेली माती, खळगे बुजवलेले. आणि फाटकापासून भिंतीपर्यंतच्या वाटेला दोन्ही बाजूंनी चुना फासलेल्या दगडांची सुरेख किनार.

"बाई, शब्द पाळला हं तुमचा," हेडमास्तर घाम पुसत म्हणाले. "अक्षराचा एकही दगड हलवला नाही. खाली नुसतेच सुटे पडले होते, ते कामी लावले."

हुकूम बाईंचाच होता. ते दगड त्यांना इतके पाठ होते, की त्यांच्यावर काही लिहिलेलं नाही हेच त्या विसरल्या होत्या.

ओलं फडकं घेऊन त्या किनारीचा एकेक दगड पुसत निघाल्या. चुना अजून वाळला नव्हता. बऱ्याच वेळानं एकावर निळं दिसलं, मग पांढरी रेघ. त्यांनी तो उपसून काढला.

"अहो, अहो, किनार मोडतेय!"

"ही माझी मुलगी आहे, सर."

हेडमास्तरांचा चेहरा उतरला. माणूस वाईट नव्हता. दगड त्यांनी स्वतः उचलून घेतला. "चला. कुठे होती सांगा, आत्ता ठेवू."

बाई उतारावर गेल्या. चार पावलं इकडे, सहा तिकडे. भिंतीपासून अंतर किती, हे नवऱ्याला माहीत होतं. बाईंनी कधी मोजलं नव्हतं. दगड दिसायचा, त्या चालत जायच्या.

"इथे?"

"नाही."

"मग इथे असेल?"

"नाही हो."

हेडमास्तरांचे हात भरून आले. अखेर बाई म्हणाल्या, "द्या इकडे." आणि दगड घेऊन घरी गेल्या.

पाहणीला आलेला अभियंता खालच्या बाजूला उभा राहून म्हणाला, "हा भाग तर मोकळाच आहे."

"छप्पन्न माणसं आहेत इथे," बाई म्हणाल्या.

"नोंदवहीत नावं आहेत, बाई, जागा नाहीत. तुम्ही दाखवा, मी नकाशावर घेतो." तो पेन्सिल धरून खरंच थांबला. बाईंना एकही दाखवता आली नाही.

वरचा भाग वारसा म्हणून राखायचा, खाली वाहनतळ. समितीनं मान्य केलं. हेडमास्तरांनी सही केली आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "सगळंच जाण्यापेक्षा हे बरं ना, बाई?" बाईंनी किल्ली कमरेची काढून त्यांच्या हातावर ठेवली.

आता फाटकावर पाटी आहे. तिच्यावर समितीतल्या सगळ्यांची नावं कोरली आहेत, बाईंचंही. निळसर दगड त्यांच्या खोलीत खिडकीखाली असतो.

परवा दुसऱ्या कुठल्याशा गावाची दोन माणसं हेडमास्तरांचा पत्ता विचारत आधी बाईंकडे आली. त्यांचीही जुनी दफनभूमी धोक्यात होती. "तुमच्या गावाचा आदर्श समोर आहे," त्यातला चष्मेवाला म्हणाला. "सुरुवात कुठून करावी?"

"ज्या दगडांवर काही लिहिलेलं नाही ते आधी मोजा. भिंतीपासून पावलं मोजा आणि कागदावर उतरवा. मग लोकांना बोलवा."

त्यानं वहीत लिहिलं, "लोकांना बोलवा", आणि विचारलं, "सह्या किती पुरतात साधारण?"

बाईंनी त्याच्या वहीकडे पाहिलं. "चौदाशे," त्या म्हणाल्या. "गाडी कुठे लावलीत?"

"ती काय, खाली, भिंतीपाशी. छान प्रशस्त जागा केलीय हो तुमच्याकडे."

"हो," बाई म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्याच नाहीत.