बारवेवरची खोटी ओळ

दिगंबर पाटलानं माइक माझ्या हातात दिला. म्हणाला, "बाई, पाटी तुमीच वाचायची. शाळेत शिकवता, तुमचा आवाज लय चांगलाय."

पाटीवरचा पडदा नुकताच ओढला होता. काळा दगड, पांढरी अक्षरं. मी वाचायला लागले. ही पायऱ्यांची जुनी बारव कोणी बांधली, जीर्णोद्धार कोणी केला. दिगंबरच्या आजोबांचं नाव, वडिलांचं नाव. मग पुढची ओळ आली. "ही बारव पूर्वापार सर्व जातिधर्मांच्या लोकांसाठी खुली होती."

ती ओळ मी मोठ्यानं वाचलीच नाही, तिथंच थांबले. लोकांना वाटलं, बाईंना गहिवरून आलं. काहींनी टाळ्या वाजवल्या.

खुली होती म्हणे! आमच्या मातंग वस्तीतल्या बायांना पायऱ्या बंद होत्या. त्या वर काठाशी रिकाम्या घागरी घेऊन बसायच्या. कोणी पाणी भरून वर आली की हात जोडायच्या, "पाणी वाढा वो माय." जिच्या मनात येईल ती लांबून धार सोडायची, तीही सगळ्या गावाचं भरून झाल्यावर.

मी तेव्हा पहिलीत असेन. तहानेनं जीव कासावीस झाला आणि मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला. दिगंबरची आई पाणी घेऊन वर येत होती. ती किंचाळली. भरलेली घागर तिनं तिथंच उपडी केली. आणि मायनं मला मारलं. पाटलीणबाईनं नाही, माझ्या मायनं. थोबाडीत. सगळ्यांसमोर. पाटलीणबाई "बास" म्हणेपर्यंत मारत राहिली. एवढं करूनही त्या दिवशी आमच्या घागरीत पाणी पडलं नाही.

पुढं गावात नळ आले. बारवेत लोक कचरा टाकायला लागले. वालूर गावातल्या जुन्या बारवा बघायला लांबून माणसं येऊ लागली, तेव्हा आमच्या गावालाही आपली बारव आठवली. गाळ आमच्याच वस्तीनं उपसला. तेव्हा मात्र पायऱ्या बाटल्या नाहीत.

पाटीचं ठरलं तसा दिगंबर माझ्या घरी आला. आम्ही एका वर्गात शिकलेलो. आमच्या घरचा चहा प्याला. म्हणाला, "बाई, खरं हाय तेच लिवायचं. काठावर पाणी मागणाऱ्या तुमच्या मायचं नाव टाकू." मी त्याला सगळं सांगितलं. नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. स्वतःच्या आईचं ऐकून त्याचे डोळे भरले. मला तो सख्ख्या भावासारखा वाटला. त्याच भावानं केसानं गळा कापला.

आता तो शेजारी उभा राहून पुटपुटत होता, "वाचा की पुढं. पावणे बसलेत."

मी माइकवरच विचारलं, "दिगंबरभाऊ, माझ्या मायचं नाव कुठंय?"

"खाली 'समस्त ग्रामस्थ' लिवलंय की. त्यात समदे आले. जुनं कशाला उकरायलाव? गावाची इज्जत जाती."

मायला स्वतःचं लेकरू बडवायला लावलं, तेव्हा गावाची इज्जत गेली नाही. लिहिलं की जाते. माझ्या अंगाची आग झाली.

"ही ओळ खोटी आहे," मी म्हणाले. "मी वाचणार नाही. माझी माय गयाबाई इथं बसून पाणी मागायची."

कोणीतरी माइक बंद केला. वर्गात बोलते त्या आवाजात मी बोलत राहिले. माझी चुलती मागून आली आणि माझा पदर ओढत म्हणाली, "गप बस गं माय. उद्या ह्यांच्याच रानात खुरपायला जायचंय." गाळ उपसणारे आमचे लोक माना खाली घालून बसले होते. माझ्या बाजूनं एकही जण उठला नाही. दिगंबरपेक्षा ते जास्त लागलं.

पाटी अजून तिथंच आहे. दिगंबरनं निरोप धाडला, "बाईला म्हणावं, तोंड आवर, न्हाईतर बदली करतो." कर म्हणावं. बदली झाली तरी माझं घर याच गावात आहे.

दर वर्षी मी चौथीच्या पोरांना बारवेवर नेते. पाटी मोठ्यानं वाचायला लावते. त्या ओळीपाशी थांबवते आणि काय घडलं ते नावानिशी सांगते. पोरं घरी जाऊन विचारतात. घरचे माझ्याशी भांडायला येतात. येऊ देत. ती ओळ दगडावरून खरवडली जात नाही, तोवर या गावातलं एकही लेकरू मी तिला खरं मानून मोठं होऊ देणार नाही. यंदा दिगंबरचा नातू माझ्या वर्गात आहे. त्यालाही सांगणार.