जावेचा ब्लॉग आधी उघडतो

माझा ब्लॉग उघडायला वेळ लागायचा, त्याचं मला फारसं काही वाटलं नसतं. धाकट्या जावेचा पटकन उघडायचा, म्हणून वाटलं.

ब्लॉग आधी मी काढला. हे मी कुणी न विचारताच सांगत असे. कळंबला माझा शिवणाचा वर्ग आहे. दुपारी मशिनी थांबल्या की मी आपल्या भागातले पदार्थ लिहून ठेवायचे. धपाटे, हुलग्याचं माडगं, शेंगाच्या पोळ्या आणि येसर. लग्नातली आमटी ज्या मसाल्यावर उभी असते, तो येसर. नात्यागोत्यात कुणाचंही लग्न निघालं की येसर भाजायला मला बोलावणं यायचं. वर्षभरानं ढोकीला राहणाऱ्या या धाकट्या जावेनंही ब्लॉग काढला आणि त्यात तिसराच लेख येसराचा लिहिला.

"तुमचं बघूनच शिकले की अक्का," ती म्हणाली. ते खरंच होतं, त्यामुळं भांडताही येईना.

मग शेजारच्या वाशी तालुक्याचं निघालं. तिथल्या बचत गटांना लग्नसराईच्या आधी येसर शिकवायचा होता. शिकवणारी बाई एकच हवी होती. प्रशिक्षणाचं काम बघणाऱ्या मॅडमच्या कानावर आम्हा दोघी जावांची नावं गेली होती. त्यांचा फोन आला. "दोघींचे ब्लॉग सभेत पडद्यावर लावते. बायका बघतील आणि त्याच ठरवतील." ठेवता ठेवता म्हणाल्या, "ताई, तुमचा मात्र माझ्याकडं उघडेना. नुसतं चाक फिरतंय."

"आणि तिचा?"

"त्यांचा लगेच उघडला की."

सभेला नऊ दिवस होते. ते वर्ग मला हवे होते. शिवण शिकवणाऱ्या बायका गल्लोगल्ली आहेत. येसर शिकवणारी मी एकटीच आहे, असं मला वाशीत ऐकायचं होतं.

आधी मी रेंजवर ठपका ठेवला. फोन घेऊन गच्चीवर गेले, टाकीजवळ उभी राहिले. जावेचा ब्लॉग उघडला, माझ्यावर चाक फिरत राहिलं. मग कुणीतरी सांगितलं की ब्राउझरमध्ये जुनं साठून राहतं, ते पुसा. मी पुसायला बसले की अर्धवट पुसत नाही. होत्या तेवढ्या सगळ्या चौकटींवर खुणा केल्या आणि पुसून टाकलं. ब्लॉग तसाच राहिला. वीजबिलाचा, गॅसचा आणि नवऱ्याच्या बँकेचा असे सगळे पासवर्ड मात्र गेले.

"आता बिलं काय ब्लॉगवर भरू का?" नवरा म्हणाला.

दुसरा ब्राउझर घेतला. खाजगी खिडकी असते, तिच्यात उघडून पाहिलं. ब्राउझरला जोडलेल्या जादाच्या सोयी एकेक करून बंद केल्या. नवऱ्याचा लॅपटॉप घेतला, शेजारणीचा फोन घेतला. काहीही बदललं तरी तेच. प्रत्येक वेळी मी जावेचा ब्लॉगही उघडून बघायचे. नुसतं तुलनेसाठी, असं मी स्वतःला सांगायचे. खरं तर तोही एकदा तरी अडकावा अशी माझी इच्छा होती. तो अडकला नाही.

एकच शंका उरली. ढोकीला तिच्याकडं नवीन तारेचं इंटरनेट आलं होतं. लेख तिथून चढतात, म्हणून ते हलके धावत असतील. आज हे लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मला हे अगदी पटलं होतं, कारण त्यात तिचं कर्तृत्व काहीच नव्हतं. करडईच्या तेलाचा डबा द्यायचं निमित्त काढलं आणि एसटीनं ढोकीला गेले.

ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांच्या मागं एसटी रखडत पोचली. जावेनं चहा टाकला. मी म्हटलं, "तुझ्या कंप्युटरवर जरा माझा ब्लॉग लाव गं. बघू कसा दिसतो."

तिनं लावला. तिच्या घरात, तिच्या तारेवर, तिच्या खुर्चीसमोर माझा ब्लॉग तसाच अडकला. तिचं इंटरनेट निर्दोष सुटलं. चहा झाला तरी पान अर्धंच आलं होतं.

"अक्का, खाली डाव्या कोपऱ्यात बगा," ती म्हणाली. "बारीक अक्षरात येतंय. कुणाची वाट बघायलंय ते."

इतके दिवस मी वर फिरणाऱ्या चाकाकडं बघत होते. खाली ब्राउझर सरळ सांगत होता की तो कुणासाठी थांबलाय. एक पत्ता गेला की दुसरा, दुसरा गेला की तिसरा. मग पान उतरलं आणि उजव्या बाजूची पट्टी दिसली.

जाऊ वाचत गेली. भाच्याच्या फोटो स्टुडिओची पाटी. भावाच्या मोबाईल दुकानाची पाटी. आमच्या बचत गटाचं चिन्ह. माहेरच्या जत्रेची हलती चित्रं. नणंदेच्या मुलीच्या मेंदीचा क्लास. चुलतसासऱ्यांच्या रोपवाटिकेची झेंडूची फुलं, वरून खाली पडणारी.

"हा ब्लॉग हाय का लग्नपत्रिका?" ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली.

मला राग आला, पण तिचं म्हणणं चूक नव्हतं. आमच्याकडं पत्रिकेत एक नाव राहिलं तर दोन लग्नं लोक जेवायला येत नाहीत. मी पट्टीही तशीच भरली होती. एकाची पाटी लावली, मग दुसऱ्याची कशी सोडायची? प्रत्येक पाटी वेगळ्या ठिकाणाहून यायची, आणि त्यातली काही ठिकाणं कधीच बंद पडली होती. ब्राउझर बिचारा प्रत्येकाच्या दारात उभा राहत होता.

सगळ्यात जास्त तो थांबत होता वाचकांचा आकडा दाखवणाऱ्या घड्याळापाशी.

"हे अजून ठेवलंय व्हय तुमी?" जाऊ म्हणाली. "म्या कवाच काढलं. ती साईट बंद पडली की."

तिच्या ब्लॉगवर ते घड्याळ पाहून दुसऱ्याच दिवशी मी माझ्यावर लावलं होतं. आकडा तिच्यापेक्षा मोठा दिसावा म्हणून. तिनं काढलं, ते माझ्या लक्षातच आलं नाही.

"फोटो पण थेट फोनमधलं टाकलाव जणू," ती म्हणाली.

"चांगले दिसावेत म्हणून."

"छोटे करून टाकायचे अक्का. आन पैल्या पानावर चाळीस लेख कशाला? माझे पाच असत्यात."

चाळीस यासाठी, की तिचे एकूणच तीस होते. हे मी बोलले नाही. "बघते," म्हणून एसटी धरली.

तीन दुपारी वर्गाला सुट्टी दिली आणि कामाला लागले. घड्याळ काढून बघितलं, मग झेंडू, मग एकेक पाटी. एका वेळी एकच, म्हणजे कशानं किती फरक पडला ते कळतं. शिवणात टाका चुकला की असंच शोधावं लागतं. पाट्या काढल्या तरी नातेवाइकांची नावं गाळली नाहीत; एका वेगळ्या पानावर साध्या अक्षरांत सगळी लिहिली, वयाच्या क्रमानं. तरी भाच्याचा फोन आलाच. "मावशी, माझं नाव मागं का गेलं?" फोटो बारीक केले. पहिल्या पानावर पाचच लेख ठेवले. मन धजत नव्हतं, पण ठेवले. सभेच्या आदल्या दिवशी दोन्ही ब्लॉग शेजारी शेजारी उघडले. माझा आधी उघडला. खात्री करायला मी सातदा उघडला.

वाशीच्या सभेला पंचवीस-तीस बायका होत्या. काही बुरख्यात, काही नऊवारीत, पोरंबाळं मांडीवर. मॅडमनी पडद्यावर माझा ब्लॉग लावला. उघडला. मी जावेकडं पाहिलं. ती पुढच्या बाईला पाणी देत होती.

"येसराचं काढा," मॅडम म्हणाल्या.

मागून एका म्हातारीनं विचारलं, "धने किती घ्यायचे बाई?"

मॅडम पान सरकवू लागल्या. माझ्या आजोळचं लग्न आलं, मग पंगत, मग येसराचा वास गल्लीत कसा पसरायचा ते, मग जात्यावरचा आणि गिरणीचा फरक. धने येईनात.

"आज येतील का उद्या?" म्हातारी म्हणाली. सगळ्या हसल्या.

मॅडमनी जावेचा लावला. पहिली ओळ धन्यांची. खाली ज्वारी, हरभरा डाळ, खोबरं, मिरच्या, सगळं वाटीच्या मापानं. बायकांनी वह्या काढल्या. हात वर करायला सांगायचीही गरज पडली नाही.

पान पटकन उघडलं तेव्हा लपायला जागा राहिली नाही, एवढं मला तिथंच कळलं. तोवर मी म्हणू शकत होते की माझा ब्लॉग कुणी वाचत नाही कारण तो उघडत नाही.

बाहेर आल्यावर जाऊ जवळ आली. "अक्का, वर्गाला तुमी संगं चला. भाजायला लागलं की माझं धने करपत्यात. तुमच्यासारखं न्हाय जमत."

"मग करपू दे," मी म्हणाले. "मापं आहेत ना तुझ्याकडं?"

चार दिवस मी तिचा फोन घेतला नाही. पाचव्या दिवशी घेतला, कारण करपलेला येसर माझ्याच घराण्याच्या नावावर जमा झाला असता.

वर्गाच्या दिवशी कढईजवळ मी होते आणि फळ्याजवळ ती. बायका प्रश्न तिला विचारायच्या, ती माझ्याकडं बघायची, मी उत्तर द्यायचे, आणि वहीत तिच्या ब्लॉगचा पत्ता लिहिला जायचा. मी जळत होते, आणि ते चुलीनं नव्हे.

निघताना पिशवी भरता भरता एका तरुण बाईनं विचारलं, "काकी, तुमचा पण ब्लॉग हाय म्हणं? त्यो उघडत न्हाय त्यो?"

मी तिचा फोन मागून घेतला, पत्ता टाकला आणि तिच्यापुढं धरला.

"उघडला की," ती म्हणाली. फोन पदराला पुसून पिशवीत टाकला आणि फळ्यावरची मापं वहीत उतरवून घ्यायला गेली.