गिटारच्या पोटातल्या अक्षता

दादाची मोडकी गिटार मी साताऱ्याहून सांगलीला एसटीत मांडीवर घेऊन आले, ती वाटभर त्याला मनातल्या मनात शिव्या देत. मी लग्न होऊन सांगलीची झाले, तरी माहेरची कामं काही सुटली नाहीत. दादा पाचगणीच्या एका शाळेत संगीत शिकवतो. घरापासून तासाभरावर. तरी अण्णांच्या, म्हणजे सख्ख्या बापाच्या मयताला तो आला नाही. अग्नी मी दिला. तेव्हापासून आमचं बोलणं जेवढ्यास तेवढं. आणि आता आईनं धोशा लावलेला, "त्याची गिटार नीट करून आण. मग यील त्यो."

तो न येण्याला कारण हीच गिटार होती. अण्णा फौजेतून रिटायर झालेले. पोरानं भरती व्हावं ही त्यांची इच्छा, आणि पोरगं दिवसभर तारा छेडत बसलेलं. "इहिरीत टाकीन ते लाकूड," असं ते एकदा बोलून गेले. दादा त्याच तिरमिरीत रिकाम्या हातानं घराबाहेर पडला. पुढं काही वर्षांनी नोकरी लागल्यावर गिटार न्यायला आला, तर माळ्यावरून निघाली ती पोट फुगलेली, मागून उकललेली, तारा गंजलेल्या. पाण्याचे डाग तर लांबूनही दिसत होते.

"भिजवलीत ना शेवटी?" तो म्हणाला.

"तुला तसं वाटतंय न्हवं? मग भिजवली आसंल," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी पेपर तोंडापुढं धरला.

आई त्या दिवशी मेढ्याला लग्नाला गेली होती, समजूत घालायला कुणी नव्हतं, आणि वाद भिजण्यावरून झाला हे तिला नंतरही कुणी सांगितलं नाही. मी होते, पण सासरहून आलेल्या लेकीला कोण विचारतो? बाप मोडेन पण वाकणार नाही या जातीचा, आणि लेक म्हणजे खाण तशी माती. दादानं गिटार तिथंच ठेवली आणि गेला तो गेलाच. खरं सांगायचं तर मलाही ते अण्णांचंच काम वाटलं होतं.

मिरजेत सतारी-तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत एकानं गिटार बघायला घेतली. त्यानं ती उलटी करून हलवली, तशी खाली अंथरलेल्या कागदावर तांदूळ पडले. हळदीनं पिवळे झालेले. मग कुंकवाचे खडे, झेंडूच्या वाळक्या पाकळ्या.

"पूजा करत होता काय हिची?" त्यानं विचारलं. मग आत उजेड टाकून डाग दाखवले, एकावर एक चढलेले. "एकदम भिजली न्हाई ही. दरसाल थोडं थोडं पाणी गेलंय हितनं, भोकातनं. जोडाचा सरस सुटत गेला."

मी त्यातला एक पिवळा दाणा उचलून बघितला. दसऱ्याला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. विळा, कोयता, कुऱ्हाड, सगळ्यांना पाणी घालून हळदकुंकू लावतात. दादानं घर सोडलं त्याच्या आधीच माझं लग्न झालेलं, आणि माहेरी मी जायची ती दिवाळी-उन्हाळ्याला. दसऱ्याला आई काय मांडते हे मला ठाऊकच नव्हतं.

अण्णांनी काही केलं नव्हतं. हे दादाला सांगावं, तर बापाचं शेवटचं तोंड विनाकारण बघितलं नाही हे तो जन्मभर वागवणार. आईला सांगावं, तर तिच्या पूजेनंच तिचा लेक तुटला हे तिला कळणार. गप्प बसावं, तर अण्णांवरचा आळ तसाच. बराच विचार करून मी गेलेल्या माणसावर अन्याय करायचं ठरवलं, कारण त्याला आता दुखणार नव्हतं. पण मला दुखत होतं.

गिटार चांगली झाली. दादाला फोन करून साताऱ्याला यायला सांगितलं. "दसऱ्याला सुट्टी आहे, न्यायला येतो," तो म्हणाला. भेटायला नाही, न्यायला. मीही गिटार घेऊन आदल्या दिवशी साताऱ्याला गेले.

तो आला, आईच्या पाया पडला, चहा घेतला. अण्णांच्या फोटोकडं त्यानं बघितलं नाही. तारा जुळवून त्यानं थोडं वाजवलं आणि त्याचा चेहरा उजळला. मग म्हणाला, "एवढंच करायचं होतं त्यांनी. नीट ठेवायची होती, बस."

मी कपबशा गोळा करायला लागले.

तेवढ्यात आई तांब्या आणि हळदकुंकू घेऊन आली. पाटावर विळा-कोयता आधीच मांडला होता. तिनं दादाच्या हातातली गिटार सहज काढून घेतली आणि पाटावर आडवी ठेवली. मी म्हणाले, "आई, पाणी नको घालू."

"का? दरसाल घालतीया की," म्हणत तिनं तांब्या कलता केला. पाणी तारांवरून ओघळून आत गेलं. वरून तिनं अक्षता टाकल्या.

दादाचा हात गिटारकडं गेलेला, तो तसाच राहिला. "दरसाल?"

"तर. मला कुठं माळ्यावर चढाय येतंय? ह्येच काढून द्यायचे. इळ्याच्या आधी तिला आंघूळ घाल म्हणायचे. पोराचं हत्यार हाय ते म्हणायचे."

दादानं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली, त्यातच त्याला कळलं की मला माहीत होतं. त्यानं खिशातून रुमाल काढला. वाटलं, गिटार पुसेल. पण त्यानं तो नुसता मुठीत धरला. पाणी आत जिरत राहिलं.

आईचं लक्ष पूजेत होतं. "आरं, बसलास काय? नमस्कार कर की," ती म्हणाली.

तो वाकला. पाटावर डोकं टेकलं आणि किती तरी वेळ उठलाच नाही.