मीठ आधी

आमच्या घरी सोमवारी पंगत बसते आणि पंगतीत सगळ्यात आधी मीठ वाढतात. ताटाच्या वरच्या कडेला, मधोमध, चिमूटभर. मग डावीकडे शेंगाची चटणी आणि कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि आमटी, भाकरी आपल्या बाजूला. हे तसं कुठल्याही घरात असतं. पण इतरांकडे डावं-उजवं चुकलं तर सासू नाक मुरडते आणि विषय संपतो. आमच्याकडे चुकलं तर कुणाची तरी बोटं कढत आमटीत जातात, कारण सोमवारच्या पंगतीला जेवणारी माणसं अंध असतात.

ही पंगत मुत्त्यानं, म्हणजे माझ्या आजोबांनी सुरू केली. शुक्रवार पेठेत आमचं चादरींचं दुकान. खाली दुकान, वर घर. एका सोमवारी दुकानात आलेल्या एका अंध गवयाला मुत्त्यानं आग्रह करून जेवायला वर नेलं. घाईत कुणीतरी कसंही वाढलं. त्या माणसाची बोटं पोळली आणि वर तोच म्हणाला, "चुकलं माझं." मुत्त्याला ते फार लागलं. तेव्हापासून नियम झाला, मीठ आधी आणि बाकी सगळं मिठाच्या अंदाजानं. बोटाला मीठ लागलं की माणसाला अख्खं ताट कळलं पाहिजे. मुत्त्या म्हणायचा, "जेवणाऱ्याला इचारावं लागलं, तर वाढणारा आंधळा."

हा नियम खरा पाळला तो माझ्या आईनं. आम्ही तिला अव्वा म्हणतो. मैंदर्गीहून सून होऊन आली तेव्हापासून सोमवारचं वाढणं तिच्याकडे. एकाशी कानडीत, दुसऱ्याशी मराठीत बोलत ती पंगतीवरून सरसर जायची, ताटाकडे न बघता. आम्हाला त्याचं कौतुक वाटायचं. न बघता कसं जमतं, असा प्रश्न कुणालाच पडला नाही.

मी मोठा झालो तो ह्या पंगतीच्या काठावर, आणि पुढे जे काम केलं त्याचं मूळ तिथंच आहे. दुकान भावाकडे सोपवून मी मागच्या दोन खोल्यांत अंध मुलामुलींना बोलणारा फोन, कॉम्प्युटर शिकवायला लागलो. त्यातली काही आता चिंचोळी एमआयडीसीत नोकरी करतात. जोडीला गावोगाव डोळे तपासणीची शिबिरं. शिबिरात काचबिंदूवरचं भाषण माझं. ते मला तोंडपाठ आहे. मोतीबिंदू धुकं आणतो, तो कळतो. काचबिंदू चोर आहे. तो कडेकडेनं नजर कुरतडतो, समोरचं दिसत राहतं आणि माणूस गाफील राहतो. गेलेली नजर परत येत नाही. तेव्हा घरातलं कुणी उंबऱ्याला ठेचकाळायला लागलं, बाजूला ठेवलेला पेला पाडायला लागलं, तर म्हातारपण म्हणून सोडून देऊ नका. हे भाषण मी मैंदर्गीतही केलं, अव्वाच्या माहेरच्या माणसांसमोर. टाळ्या पडल्या.

आणि घरी अव्वा पेले पाडत होती.

मी तापट आहे, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. सकाळी माझे फोन सुरू झाले की अव्वा कशाला तरी अडखळायची, पाणी सांडायचं, "मधी कुणी ठिवलंय हे?" असं पुटपुटायची. मी फोनवर हात ठेवून म्हणायचो, "अव्वा, बघून चाल की." एकदा-दोनदा नाही, कितीदा तरी. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच.

मग ती नवी ताटं आली. चिंचोळीच्या एका कारखानदाराला आमची दोन मुलं कामाला फार आवडली होती. त्यांनी पंगतीसाठी कप्प्यांची ताटं पाठवली, चकचकीत. मी खूश. एकात एक मिसळायला नको आणि घासायलाही सोपी. अव्वानं एक ताट हातात घेऊन गोल गोल फिरवलं.

"ह्याला डावं-उजवं कुटं हाय?"

"आता ते लागतच नाही. कप्पे आहेत की."

त्या सोमवारी ते कारखानदारही सहकुटुंब आले होते. मदतीला आलेल्या मुलांनी ताटं हाताला येतील तशी मांडली, कुणाचा मोठा कप्पा वर, कुणाचा खाली, आणि मीठ मिळेल त्या कप्प्यात. अव्वा आमटीचं पातेलं घेऊन निघाली. पहिल्या ताटात आमटी भाकरीवर पडली. दुसऱ्यात कप्प्याबाहेर. तिसऱ्या ताटावर माझी एक विद्यार्थिनी बसली होती. तिच्या हातावर पळीभर कढत आमटी गेली.

आणि मी सगळ्यांदेखत म्हणालो, "अव्वा, बघून वाढ की!"

पळी हातात घेऊन ती उभी राहिली. मग हळूच, आधी कानडीत आणि मग मराठीत म्हणाली, "काणंगिल्ल, तम्मा. दिसत न्हाय रे मला."

गार पाण्यात हात बुडवून बसलेली ती पोरगी म्हणाली, "राहू द्या आजी, चुकलं माझं."

आमच्याच शिबिरातल्या डॉक्टरांनी अव्वाला तपासलं. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजव्याला नळीतून बघावं तेवढंच दिसतं. काचबिंदू. काही वर्षं तरी झाली असतील, असं ते म्हणाले. उरलेलं थेंबांनी सांभाळू, गेलेलं विसरा. हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते, कारण हीच वाक्यं आम्ही दोघांनी मिळून किती गावांत सांगितली होती.

परत येताना रिक्षात मी तिला विचारलं, सांगितलं का नाहीस.

"तुजा फोन चालू असतोय की," ती म्हणाली. मग म्हणाली, "तू गावाचं डोळं तपासत फिरतोस. घरचीच आंधळी निघाली तर लोक तुला नावं ठिवतील. आन् वाढायला मला डोळं कुटं लागत हुतं? मिठाला बोट लावलं की झालं."

जेवणाऱ्यांसाठी केलेला मुत्त्याचा नियम वाढणारीच्या कामी आला होता. त्याच्या आधारानं ती निभावत राहिली आणि मी निर्धास्त राहिलो. दिव्याखाली अंधार म्हणतात. मी तर तो दिवा घेऊन तालुके पालथे घातले. लोक समजूत काढतात, "एवढ्यांचं करता, एखादं राहून जातं." मला त्यांचा राग येतो. राहून गेलेलं ते एखादं म्हणजे माझी आई आहे. वेळेवर नेलं असतं तर तिचे दोन्ही डोळे राहिले असते, हे मला दुसऱ्या कुणापेक्षा जास्त कळतं.

कप्प्यांची ताटं आता माळ्यावर आहेत. जुनी काढली, पण अव्वानं वाढणं सोडलं. पंगतीतही बसेना. "ती पाव्हण्यांची पंगत," म्हणायची आणि स्वयंपाकघरात एकटीच जेवायची. थेंब मी घालतो. ती मान वर करून छताकडे बघते. तिचे डोळे मी इतक्या जवळून आधी कधी पाहिले नव्हते.

गेल्या सोमवारी पंगत बसल्यावर ती भिंतीला हात लावत आली आणि शेवटच्या पाटावर बसली. वाढायला मीच होतो. बायकोनं लगबगीनं ताट मांडलं. मी चटणी डावीकडे वाढली, भाजी उजवीकडे, आमटीची वाटी तिच्या जागी. एकही चूक नाही म्हणून मनात बरं वाटलं. अव्वानं बोट ताटाच्या वरच्या कडेला नेलं. मधोमध टेकवलं. थोडं डावीकडे सरकवलं, थोडं उजवीकडे. तिथं काही नव्हतं. मीठ ती येण्याआधीच फिरून गेलं होतं.

हात मागे घेऊन तिनं भाकरी मोडली आणि अळणीच घास घेतला. ती विचारणार नव्हती. पेले पाडले तेव्हा दिसत नाही हे बोलली नाही, तशीच आताही तिनं माझी चूक झाकली असती.

मी मिठाचं भांडं घेऊन तिच्यासमोर गुडघ्यांवर बसलो आणि वर, मधोमध, चिमूटभर मीठ ठेवलं. तिनं बोट लावून पाहिलं. मान वर न करता म्हणाली, "आत्ता दिसलं व्हय?"