खर्रा न खाणाऱ्याच्या हिरड्या

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी एटापल्लीकडच्या एका निवासी शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो. खोलीच्या खिडकीतून सूरजागडचे डोंगर दिसायचे. पहिले चार दिवस ते फार सुंदर वाटले, मग त्यांच्याकडे बघायचाही कंटाळा येऊ लागला.

तिकडे माणसाची ओळख खर्र्यानं होते. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून घोटायचा, चिमूटभर आपल्या तोंडात टाकायचा आणि पन्नी शेजारच्यापुढे धरायची. नवीन माणूस आला की त्याचं गाव विचारायच्या आधी पन्नी पुढे येते. मी नाही म्हणालो. दुसऱ्यांदाही नाही म्हणालो. त्यानंतर पन्नी माझ्यापुढून सरळ पलीकडे जाऊ लागली, आणि तिच्याबरोबर गप्पाही. शाळा सुटली की बाकीचे मास्तर पिंपळाच्या पारावर बसत आणि मी खोलीत स्टोव्ह पेटवून बसे.

मी काही मोठा व्रतस्थ नव्हतो. आत्याचं भय होतं, इतकंच. नोकरीवर निघताना तिनं सांगितलं होतं, "तंबाखू तोंडात दिसला तं घरी येऊ नोको." ही आत्या म्हणजे वडिलांची विधवा बहीण. मी दोन महिन्यांचा असताना आईला क्षय निघाला आणि मला तिच्याजवळ देणं बंद झालं, तेव्हापासून मी आत्याच्याच हाती. वर्षाच्या आत ती गेली. वडिलांनी चंद्रपूरला, कोळसा खाणीच्या नोकरीवर, दुसरा संसार मांडला आणि मला सिंदेवाहीला आत्याकडेच ठेवलं. आत्या तिथल्या धान संशोधन केंद्रावर रोजीनं रोवणीला, म्हणजे भातलावणीला, जायची. तिनं मला खाऊ घातलं, शिकवलं, कधी उपाशी झोपू दिलं नाही. पण जवळ म्हणून कधी घेतलं नाही. शेजारच्या बाया पोरांचे पटापटा मुके घ्यायच्या, आणि आमची आत्या माझं तोंड धुवायची तेही हात लांब करून, आपला चेहरा बाजूला फिरवून. ही गोष्ट माझ्या मनात अशी रुतून बसली होती की मी कुणाचा तरी लाडका होतो का, एवढाच प्रश्न मी मोठा झाल्यावरही स्वतःला विचारत असे. उत्तर मला ठाऊक होतं. म्हणूनच बहुधा पुन्हा पुन्हा विचारत असेन.

शाळेतल्या दुसऱ्या पावसाळ्यात मला हिवतापानं गाठलं. ताप उतरला आणि ओठावर पाण्यानं भरलेले बारीक फोड उठले. असे फोड मला लहानपणापासून अधूनमधून यायचे, त्याचं काही नवल नव्हतं. पण या वेळी हिरड्याही सुजल्या. दात घासले की बेसिनाऐवजी जी मोरी होती ती लाल व्हायची. फोड गेले, परत आले. तोंडाला वास येऊ लागला. वर्षभरात खालच्या दोन दाढा जिभेनं ढकलल्या की हलायला लागल्या.

आता शाळेतल्या मंडळींना माझ्यात रस वाटू लागला. आमचे थोरले मास्तर पारावरून म्हणाले, "चोरून खाता वाटते सर. आमाले देत नाई."

सगळे हसले, आणि मीही हसलो, तोंडावर रुमाल धरून. पुढं कुणाचा विश्वासच बसेना. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडायच्या आधीच सांगितलं, खर्रा बंद करा. मी खात नाही म्हणालो, तर ते कंपाउंडरकडे बघून हसले. खर्र्याची सगळी शिक्षा मला मिळाली आणि खर्र्याची सोबत तेवढी नाही मिळाली, याचा मला भयंकर राग यायचा. चौथीच्या वर्गात दातांची निगा हा धडा मी रुमालाआडून शिकवला. पोरं बिचारी गप्प बसली. बोलायला माणूस नव्हताच, आता बोलायला तोंडही राहिलं नाही. कितीतरी रविवारी मी स्टोव्हशी मोठ्यानं बोललो आहे.

शेवटी दिवाळीच्या सुट्टीत चंद्रपूरला जटपुरा गेटजवळच्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वयानं माझ्याएवढ्याच असतील. मी बसल्याबसल्या सांगून टाकलं, "मी खर्रा खात नाही."

"ते दिसतंच आहे," त्या म्हणाल्या. "हा ओठावरचा फोड नेहमी येतो का?"

इतक्या दिवसांत मला कुणी खरं मानलं ते पहिल्यांदा.

हिरड्यांखाली साचलेलं सगळं खरवडून काढावं लागेल, चारपाच खेपा होतील, दाढा बहुतेक वाचतील, असं त्यांनी सांगितलं. मग ओठाकडे बोट केलं. हा फोड हर्पीस नावाच्या विषाणूचा. हिरड्या कुजवण्याचं काम दुसरे जंतू करतात, पण या विषाणूची त्यांना मदत होत असावी असं आता काही संशोधक म्हणायला लागलेत. अजून पक्कं झालेलं नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. मला नीट समजलं नाही हे बघून त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे धानाची राखण करतात ना? राखणारा माणूस तापानं पडला की डुकरं घुसतात. हा विषाणू राखणाऱ्यालाच आजारी पाडतो, असं समजा."

"पण मला लागला कुठून?"

"बहुतेकांना लहानपणीच लागतो. ओठावर फोड असलेलं घरातलं कुणीतरी बाळाचा मुका घेतं, आपल्या तोंडातला घास भरवतं. मग तो जन्मभर नसेत झोपून राहतो. अंगातली ताकद कमी झाली की उठतो."

"माझा मुका घेणारं कुणी नव्हतं," मी म्हणालो.

त्यांनी हातमोजे काढले. "कुणीतरी घेतलाच असेल हो," त्या सहज म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

मी बसस्थानकावर आलो आणि मूल गावावरून जाणाऱ्या सिंदेवाहीच्या गाडीत बसलो. खरवडण्याची पहिली खेप बाईंनी त्याच दिवशी उरकली होती, त्या सुईनं गाल बधिर होता. खिडकीबाहेर धानाची कापणी चालली होती आणि माझ्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. आईजवळ मला देत नव्हते. वडील तर खाणीवर. मग उरलं कोण? आत्याच्या ओठावर ताप आल्यावर फोड उठायचे, हे मी जन्मभर पाहत आलो होतो आणि कधी त्याचा विचार केला नव्हता. रोगाची बातमी ऐकून इतका आनंद झालेला माणूस त्या गाडीत दुसरा नसेल.

आत्या अंगणात धान पाखडत होती. सर्दीतापातून नुकती उठलेली, खालच्या ओठावर खपली. मी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"आत्या, मी लहान होतो तं तू माया मुका घेत होती का?"

"काऊन इचारून राह्यला?"

मी मास्तर माणूस. विषाणू, ओठ, मुका, नस, हिरड्या, असं सगळं ओळीनं समजावून सांगितलं. ती सूप हातात धरून ऐकत राहिली. मग विचारलं, "दात पडतीन काय तुये?"

"दोन दाढा हालून राह्यल्या."

तिनं पदर ओठावर ओढला. "नाई बाबू. मी कवा नाई घेतला तुया मुका," ती म्हणाली आणि आत गेली.

मी अंगणातच उभा राहिलो. चंद्रपूरहून इथवर जी एक गोष्ट जपून आणली होती ती तिनं एका वाक्यात काढून घेतली. मला तिचा राग आला, आणि त्याहून जास्त माझाच आला. तिशीला आलेला माणूस मुक्यासाठी बस धरून येतो, हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

संध्याकाळी तिनं जेवायला वाढलं. भात मुद्दाम जास्त शिजवलेला, बोटानं दाबला तरी विरघळेल असा, आणि अंबाडीची भाजी. लहानपणापासून आम्ही दोघं एकाच जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, ताटात जेवत आलो होतो, तिचा भात पलीकडे, माझा अलीकडे, मध्ये बोटभर जागा. त्या दिवशी तिनं मला पाहुण्यांसाठी ठेवलेलं स्टीलचं ताट दिलं. स्वतः जर्मनचं ताट घेऊन दाराशी जाऊन बसली, पाण्याचा गडवाही वेगळा घेतला. खाताना पाठ माझ्याकडे.

दोन घास खाल्ल्यावर मला उमगलं. मी माया शोधत आलो होतो, आणि तिला ऐकू गेलं होतं की तुझ्यामुळं माझे दात चालले.

मी उठलो, तिच्यासमोर जाऊन बसलो आणि तिच्या ताटात हात घातला. तिनं ताट झटकन मागे ओढलं.

"उष्टं नोको खाऊ बाबू. पुन्हा लागन तुले."

"पुन्हा?"

ताट तसंच छातीशी धरलेलं. ती खाली बघतच बोलली.

"तू रांगत होता. तोंड आलतं तुयं. हिरड्यातून रगत ये, ताप उतरे नाई, दूध पेये नाई. बोळ्यानं पाजलं म्या. बाया म्हनल्या, तूच त मुके घेऊन घेऊन लावलं पोराले, वठ पाह्य आपला. तवापासून मी तोंड नाई लावलं तुले. लय वाटे. पन नाई लावलं."

मी तिच्या हातातून ताट घेऊन खाली ठेवलं आणि तिच्या बाजूचा भात खाऊ लागलो. गाल अजून अर्धा बधिर होता, काही शितं हनुवटीवर सांडली. तिनं ती पदरानं पुसली, आणि या वेळी तोंड बाजूला फिरवलं नाही.

"जेव ना," मी म्हणालो.

बऱ्याच वेळानं तिनं ताटात हात घातला.