घागांचं सरकारी घर

आमच्या आचोळ्यात जयवंत घागांना सगळे ‘सरकारी घाग’ म्हणायचे. नोकरी खासगी गोदामातली. सरकारी होता तो फक्त त्यांचा विश्वास. लहानपणी ते मुंबईत मामांकडे वाढले. मामांना सरकारी वसाहतीत खोली मिळाली होती. नळाला पाणी, हातात हक्काचा कागद, उठवणारं कोणी नाही. घर म्हणजे हेच, बाकी सगळे बिल्डर चोर, असं घागांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

म्हणून १९९४ पासून ते आमच्या गल्लीत भाड्याने राहिले आणि सरकारी घरांच्या सोडतीत नशीब आजमावत बसले. स्वतःचं घर असलेला माणूस सोडतीतून बाद होतो, म्हणून विरारला स्वस्तात फ्लॅट मिळत होता तोही सोडला. अकरा महिने झाले की नवा घरमालक, आणि विनयावहिनी पुन्हा भांडी गोणीत भरायच्या. मला तर घागांचा संतापच यायचा. अहो, बाईने जन्मभर काय गोण्याच बांधायच्या?

शेवटी वहिनींनी हट्ट धरला.

“माझ्या बांगड्या मोडा, पण मागच्या बिल्डिंगमधली खोली घेऊया. नाव माझं लावा. तुमचं कोरंच राहील ना!”

मामांच्या वेळी कर्त्या पुरुषाचंच नाव बघायचे, असं घागांनी ऐकलं होतं. ते कबूल झाले. खोली घेतली, आणि इमारत बिनपरवाना निघाली.

२००३ साली सोडतीत घागांचा नंबर लागला. गल्लीभर पेढे वाटले त्यांनी. पण आता नवरा-बायको दोघांचीही नावं बघायचे. छाननीत बायकोच्या नावावरची खोली निघाली आणि मिळालेलं घर गेलं. कचेरीत मी सोबत होतो. घागांनी हात जोडले.

“साहेब, त्या बिल्डिंगला परवानगीच नाही. नळ मागितला तर म्हणतात, इथे घरच नाही.”

“राहता ना तिथे? मग ते घरच,” साहेब म्हणाले.

नळ द्यायला ते घर नव्हतं, नकार द्यायला होतं! माझं डोकं फिरलं. घाग जिना उतरले.

दोन वर्षांनी ती इमारतही पाडली. घाग पुन्हा भाड्याच्या खोलीत आले. सोडतीचं नाव त्यांनी परत काढलं नाही.

मध्यंतरी वहिनी भेटल्या. माझ्यासमोर रडल्याच.

“भाऊजी, नाव लावायची अक्कल माझी. एकदा तरी त्यांनी माझ्यावर ओरडायला हवं होतं हो. सामान बांधताना मला नुसतं विचारत होते, दमलीस का म्हणून.”