दादाच्या वाटणीचे गहू

३ मे १९५३. काम : दादाच्या घरी वर्षाचे गहू भरणे.

"वन्सं, गव्हाला या," एवढंच वहिनीनं पत्रात लिहिलं होतं. माझ्या थोरल्या भावाला यकृताचा कर्करोग झालाय, हे खाली कोपऱ्यात, जागा उरली म्हणून लिहावं तसं.

नाशिकहून निघाले. खांडव्याला गाडी बदलताना हमालाला "नीट धर" असं शिकवत असतानाच माझ्याच हातून लोणच्याची बरणी फुटली. पुढे पाताळपाणीची दरी आली तेव्हा मी पातळावरचं तेल पुसत होते. लोक म्हणतात, दरी सुंदर आहे.

इंदूरला दादा टांगा घेऊन आला होता. वाळलेला, डोळे हळदीसारखे. म्हणाला, "लोणच्याचा वास येतोय, लोणचं दिसत नाही!"

दुसऱ्या दिवशी तुकोगंजला दादाच्या डॉक्टरांकडे एकटीच गेले. ते म्हणाले, "ऑपरेशनच्या पलीकडे गेलंय. अशा रोग्यांचे महिनेच निघतात, वर्ष क्वचित. नेमका आकडा मला विचारू नका."

दादाला कळू द्यायचं नाही, अशी वहिनीनं शपथ घातली. "मी तोंडाची पक्की," मी म्हणाले.

तो पक्केपणा मल्हारगंजातल्या धान्याच्या दुकानापर्यंत टिकला. दादा बाकावर टेकला होता.

"बाईसाब, हर साल छह मन जाता है. वही?" दुकानदारानं विचारलं.

"चार," मी म्हणून गेले.

"दोन मण कमी?" दादा हसला. "अगं, मी एकटा इतका खातो की काय?"

दुकानदारही हसला. मला हसता आलं नाही. दादा माझ्याकडे बघत राहिला.

"डॉक्टरकडे गेली होतीस?"

"हो."

"काय म्हणाला?"

खोटं रचायला मला वेळ लागतो. "महिने. वर्ष कठीण. नेमकं त्यालाही ठाऊक नाही."

दादानं पोत्यातले मूठभर गहू उचलले, बोटांतून गळू दिले. मग दुकानदाराकडे वळला. "भिया, सात मन तौल दो." आणि मला, "तेराव्याला आपले नातेवाईक किती जेवतात, विसरलीस? हिशेबात कच्ची ती कच्चीच! आणि हे बघ, तुझ्या वहिनीला यातलं काही बोलू नकोस."

"मी तोंडाची पक्की," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाशिकला घरी पोस्टकार्ड टाकलं : 'पावसाळाभर इथंच आहे, वाट पाहू नये.' मग पदर खोचून गव्हाला एरंडेल चोळायला बसले. दादा समोर बसून माझ्या नजरेतून सुटलेले खडे वेचून दाखवत होता. बरेच होते.